देवघर नसलेल्या घरात

मावळातल्या ज्या घरांत देवघर नाही, त्या घरांतल्या आईबाबांशी आज मनातलं बोलायचं आहे. अशी घरं आता तुरळक राहिलेली नाहीत. कुणी तळेगाव-वडगावच्या नव्या सोसायटीत राहतं. कुणाची आजी अजून पवन मावळातल्या गावी रोज आंघोळ करून देवाला फूल वाहते, पण शहराकडे आलेल्या लेकाने ते पुढे चालवलं नाही. कुणी भिन्न धर्मांत लग्न केलं आणि दोन्हीकडच्यांचं मन राखायला भिंत रिकामी ठेवली. यातले बरेच जण स्वतःला नास्तिक म्हणवत नाहीत. जूनमध्ये राजमाचीच्या वाटेवर काजव्यांनी लगडलेलं झाड पाहिलं की आपल्याहून मोठं काहीतरी आहे असं त्यांनाही वाटतं. त्या मोठ्या गोष्टीला एकच नाव, एकच ग्रंथ आणि एकच संस्था असावी, हे मात्र त्यांना पटत नाही.

मग मूल पाच-सहा वर्षांचं होतं आणि एके दिवशी शाळेतून येऊन विचारतं, "आई, आपला देव कोणता?"

पुष्कळ घरांत याला ठरलेलं उत्तर आहे : "मोठा झालास की तुझं तू ठरव." उत्तर प्रामाणिक आहे, पण अपुरं आहे. घरात कधी गाण्याचा सूर निघाला नाही आणि अठराव्या वर्षी मुलाला सांगितलं की आता तुला आवडेल तो राग निवड, तर त्याने काय करावं? ठरवायला काहीतरी अनुभव गाठीशी लागतो. तो लहानपणीच मिळतो, आणि तो द्यायचं काम आपलं आहे. शेवटी काय मानायचं ते मुलावर खुशाल सोडा. पण गप्प बसण्याचा, आभार मानण्याचा, दुसऱ्याच्या दुःखापाशी थांबण्याचा सराव घरातच व्हायला हवा. धर्म ज्यांनी जवळ केला त्यांच्या घरात हा सराव सणवारांतून, आरतीतून, नमाजातून, वंदनेतून आपोआप होत असतो. आपण ते दार बंद केलं असेल, तर दुसरं दार उघडण्याचे कष्ट आपल्यालाच घ्यावे लागतील. मी पाहिलेली अडचण इथेच आहे. देवघर काढणं सोपं जातं. त्या जागी पुढे टीव्ही येतो.

लहान मुलांमध्ये ही ओढ असते का, की आपणच ती त्यांच्यावर लादतो? डेव्हिड हे आणि रेबेका नाय या ब्रिटिश अभ्यासकांनी 1998 साली 'द स्पिरिट ऑफ द चाइल्ड' हे पुस्तक लिहिलं. इंग्लंडमधल्या शाळांतल्या साध्या मुलांशी नाय यांनी निवांत गप्पा मारल्या होत्या. त्यांतली बरीच मुलं धार्मिक घरांतली नव्हती. तरीही मरण, एकटेपण, आकाश, आपण कुठून आलो, असे विषय निघाले की मुलांचं बोलणं बदलायचं. स्वतःशी, माणसांशी, सृष्टीशी आणि त्यापलीकडच्या कशाशी तरी आपलं नातं आहे, ही जाणीव त्यांना या मुलांत दिसली. ती कुणी शिकवलेली नव्हती. मात्र वय वाढतं तसं मूल हे बोलायला लाजू लागतं, कारण आजूबाजूला असं कुणी बोलत नाही. हे वाचल्यावर मला तर आपल्या सोसायट्यांतली मुलंच डोळ्यांसमोर आली.

आपण राहतो तो मुलूख या बाबतीत श्रीमंत आहे. इथे फार जुन्या काळापासून माणसं मनाच्या शोधासाठी डोंगर चढत आली आहेत. भाजे, बेडसे, कार्ले ही बौद्ध लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, काही त्याहूनही आधीची. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी भटकंती थांबवून एका जागी राहायचं, असा वर्षावासाचा नियम होता. मावळातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला त्या नियमामागचं शहाणपण वेगळं सांगायला नको. शेलारवाडीजवळच्या घोरावडेश्वरावर आणि इंदुरीजवळच्या भंडाऱ्यावर तुकोबा एकांतासाठी जात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुष्काळात घरची माणसं गेली, व्यापार बसला आणि हा माणूस डोंगरावर गेला. तिथे जाऊन सुरुवातीला त्यांनी काय केलं, तर आधीच्या संतांची वचनं पाठ केली. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. कवित्व पुढे आलं, पाठांतर आधी झालं. आणि ते वर राहिले नाहीत, खाली येऊन लोकांत कीर्तनाला उभे राहिले. मुलांना तुकोबा सांगाल तेव्हा चमत्कारांवर अडकू नका. रोज चढण चढणारा, रोज पाठ करणारा, मनाशी भांडणारा माणूस सांगा. मुलाला तो कळतो.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन केलं, त्यामागेही शोधाचीच वृत्ती आहे. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचं मूळ नाव. योगाच्या क्रियांनी शरीरात नेमकं काय होतं हे पाहण्यासाठी उड्डियान आणि नौली त्यांनी एक्स-रेने आणि दाब मोजून तपासल्या, आणि निष्कर्ष 'योगमीमांसा' या नियतकालिकातून छापले. डोळे मिटून मानायचंही नाही आणि न तपासता फेकूनही द्यायचं नाही, ही रीत मला आपल्या घरांसाठी मोलाची वाटते.

आता सरावाविषयी. मोठं काही योजू नका, टिकत नाही. दिवेलागणीला घरातले सगळे दिवे आणि पडदे बंद करून थोडा वेळ एकत्र बसायचं. मूल जितक्या वर्षांचं तितकी मिनिटं पुरेत. पावसाचा आवाज ऐका, एक्सप्रेस वेवरच्या गाड्यांचा ऐका, शेजारच्या कुकरच्या शिट्टीचा ऐका. मूल चुळबुळ करेल, हसेल, विचारेल की झालं का. करू द्या. रोज तीच वेळ, तीच जागा ठेवा, कारण लहान मुलाला अर्थ उशिरा कळतो, पण पुन्हापुन्हा घडणाऱ्या गोष्टीचा आधार लगेच वाटतो. जेवायला बसल्यावर ताटातला भात कुठून आला हे एकदा बोलावं. आपल्याकडे हे फार सोपं आहे. इंद्रायणी तांदूळ ज्या खाचरात पिकतो ते खाचर दाखवता येतं, आषाढात लावणी करताना वाकलेली माणसं दाखवता येतात. ज्या मुलाने गुडघाभर चिखलात एकदा तरी चार रोपं लावली, त्याला अन्नाचे आभार मानायला श्लोक लागतोच असं नाही. श्लोक येत असेल तर तोही म्हणावा. धर्माशी आपलं जमलं नाही म्हणून भाषेतले सुंदर शब्द आणि गाणी टाकून द्यायची गरज नाही.

कार्ल्याला मुलांना जरूर न्या, पण शनिवार-रविवारी नको. चैत्यगृह आत सुमारे 37 मीटर लांब आहे आणि छताच्या लाकडी फासळ्या मूळच्या आहेत, हे सांगितलं की मुलं मान वर करून पाहत राहतात. त्याहून त्यांना धरून ठेवतात ते कोरलेले लेख. हे लेणं एका राजाने एका हुकुमाने खोदलेलं नाही. खांबाखांबावर देणाऱ्यांची नावं आहेत. धेनुकाकट गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची आहेत. तिथल्याच सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दाराचं दान दिलं आणि सामी नावाच्या सुताराने दाराचं काम केलं. मुलाला विचारा, तू कशाचं दान दिलं असतंस? आणि बाहेर पडल्यावर एकवीरा आईच्या देवळासमोर रांगेत उभ्या असलेल्या कोळी बायकांकडेही त्याच आदराने पाहायला शिकवा. त्या मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरून आपल्या कुलदेवतेला भेटायला आलेल्या असतात. त्यांचा भाव खरा आहे. आपण रांगेत उभं राहायचं की नाही हा आपला प्रश्न. त्यांच्याकडे पाहून ओठ मुडपायचे, हे मुलाने आपल्याकडून शिकता कामा नये. बेडसे त्या मानाने शांत असतं. तिथे ओसरीत मांडी घालून बसता येतं आणि मुलांना आपलाच श्वास ऐकू येतो.

देवराईबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण आपल्यासारख्यांचा खरा कस तिथे लागतो.

मावळात आजिवलीची देवराई आहे, भेरली माडांसाठी ओळखली जाणारी. पश्चिम घाटात अशा अनेक आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या देवरायांचा अभ्यास केला आणि दाखवून दिलं की भोवतालचं रान तुटत गेलं तरी देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत जुनी झाडं टिकली. वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही असा काही ठिकाणचा नियम. मोडला तर देवीचा कोप. शहरातून आलेला बाप मुलाला पटकन सांगतो, "कोप-बिप काही नसतं रे." खरं आहे. पण तिथेच थांबलात तर मुलाच्या हातात उरतं काय? कोप नसतो, म्हणजे तोडायला हरकत नाही. आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी देवराया नेमक्या अशाच गेल्या. भीती ओसरली, देवळाला सिमेंटचा सभामंडप हवा झाला, लाकूड विकलं गेलं. भीती गेली त्याचं मला वाईट वाटत नाही. भीतीच्या जागी काहीच आलं नाही, याचं वाटतं.

म्हणून तिथे उभं राहून मुलाला सांगावं, की इथल्या लोकांनी काही गोष्टींना हात लावायचा नाही असं ठरवलं आणि शेकडो वर्षं पाळलं. ते देवीला भिऊन पाळत होते. आपण देवीला भीत नाही, तरीही आपण इथलं काही तोडत नाही. का, ते आपण मिळून शोधू. मग घरी येऊन ठरवा, आपल्या घरात कशाला हात लावायचा नाही? कोणतं खोटं बोलायचं नाही, कितीही फायदा असला तरी? कामाला येणाऱ्या मावशींशी कोणत्या आवाजात कधीच बोलायचं नाही? नदीत काय टाकायचं नाही? इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते, आपल्या अंगणातून जाते, आणि पुढे देहू-आळंदीला पोचेपर्यंत तिची दशा काय होते ते पुलावर थांबून मुलाला दिसू द्या. तिला आई म्हणणाऱ्यांनीही तिच्यात सांडपाणी सोडलं आणि न म्हणणाऱ्यांनीही. पवित्र हा शब्द वापरायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण ज्या घरात काहीच अस्पर्श्य, अविक्रेय नाही, ते घर मोकळं झालं असं मला वाटत नाही.

देवाचा धाक घालून मूल गप्प करणं, ही आणखी एक गोष्ट. "असं केलंस तर बाप्पा कान कापेल" हे वाक्य देव न मानणाऱ्या घरांतही सर्रास ऐकू येतं, कारण ते सोयीचं आहे. मुलाला थोपवायचं असेल तर स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर थोपवा. बाप्पाला मध्ये घालू नका. उद्या त्याला खरोखर देवाकडे जावंसं वाटलं, तर तिथे कान कापणारा उभा नसावा.

आणि मरण. या विषयावर माझ्याकडे सगळ्यात जास्त आईबाबा येतात. आजोबा जातात आणि घरात चार तऱ्हेची उत्तरं सुरू होतात : देवाघरी गेले, तारा झाले, झोपलेत, गावाला गेलेत. पाच ते सात या वयात बहुतेक मुलांना हळूहळू उमगायला लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काम करायचं थांबतं आणि हे प्रत्येकाचं होतं. त्याआधीच्या मुलाला "झोपलेत" सांगितलं तर ते रात्री झोपायला घाबरतं. "गावाला गेलेत" म्हटलं तर ते वाट पाहतं. म्हणून शब्द साधे ठेवा. आजोबा मेले. त्यांचं हृदय थांबलं. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येणार नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येणार, रडू येणार, आणि मलाही येतं आहे. "मग ते आता कुठे आहेत?" याला "मला माहीत नाही" असं खरं उत्तर द्या आणि लगेच पुढे सांगा, की आजीला वाटतं ते विठोबापाशी आहेत, शेजारच्या खालांना वाटतं ते अल्लापाशी आहेत, काही लोकांना वाटतं ते माती-पाण्यात मिसळले, तुला काय वाटतं? मूल जे सांगेल ते दुरुस्त करू नका.

दहाव्याला घाटावर न्यायचं की नाही, असंही विचारतात. मूल तयार असेल तर न्या. पिंड ठेवून सगळे कावळ्याची वाट पाहत थांबतात तेव्हा मूल हमखास विचारतं, कावळा कशाला हवा? कावळ्याच्या रूपात आजोबा येतात असं तुम्ही मानत नसाल तर तसं सांगू नका, आणि हा मूर्खपणा आहे असंही सांगू नका. आजोबांची काही इच्छा राहिली असेल का, या विचाराने सगळे इथे थांबले आहेत, असं सांगा. हे खरंच आहे. नातेवाईक तिथे पुटपुटत असतात, "पोरीच्या लग्नाचं आम्ही बघू, काळजी करू नका." गेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम उचलण्याचा शब्द चारचौघांत देणं, ही फार मोठी गोष्ट आहे. विधी न करणाऱ्या घरांनी निदान एवढं तरी करावं. सगळे जमावेत आणि प्रत्येकाने सांगावं, त्यांचं कोणतं काम मी पुढे नेणार आहे. मूलही सांगेल. कुंडीतल्या गवती चहाला मी पाणी घालीन, असं म्हणेल आणि घालेलही.

एका गोष्टीपासून मात्र सावध करते. संघटित धर्म नको म्हणून बाहेर पडलेली माणसं थोड्याच वर्षांत एखाद्या गुरूच्या शिबिरात सापडतात. आपल्या डोंगरांत अशा जागांना तोटा नाही. त्यांत चांगल्याही आहेत. पण जिथे प्रश्न विचारणाऱ्याला अजून तुझी तयारी नाही असं म्हणतात, जिथे बाहेरच्या माणसांशी नातं कमी करायला सुचवतात, जिथे मुलांना आईबाबांपासून वेगळं बसवून काय शिकवलं ते सांगत नाहीत, तिथून मुलाला घेऊन निघा. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींनी 1929 साली हॉलंडमध्ये ओमेन इथे आपल्यासाठी उभारलेली संघटना स्वतःच बरखास्त केली. त्यांच्या विचारांची सह्याद्री स्कूल ही निवासी शाळा आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात, डोंगरावर आहे. संघटना मोडणाऱ्यालाही शाळा लागल्या, ठरलेली दिनचर्या लागली, शिक्षक लागले. गुरू नको म्हटलं तरी सोबत नको असं होत नाही. तुमच्यासारखी दोन-तीन घरं शोधा, महिन्यातून एकदा मुलांसह एकत्र जेवा, गा, चाला. एकट्या घराला हे झेपत नाही.

आजी-आजोबांशी भांडू नका, हे तर कळवळून सांगते. आजी पूजा करताना नातवाने फुलं वेचून दिली म्हणून तुमचं काही बुडत नाही. महात्मा फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या 1891 साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक घर कल्पिलं आहे. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होईल, तिचा नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी. आणि हे सगळे एका कुटुंबात, एकमेकांचा द्वेष न करता, प्रेमाने राहतील. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. आपल्या घरात तर फक्त आजीचा बाळकृष्ण आणि तुमची रिकामी भिंत आहे. तेवढं तरी एका छपराखाली नांदावं.

शाळेच्या फॉर्मचंही सांगून ठेवते. संविधानाचं पंचविसावं कलम सद्‌सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अ. श. चांदूरकर यांच्या खंडपीठाने 23 सप्टेंबर 2014 रोजी निकाल दिला, की सरकार कुणालाही कोणत्याही फॉर्मवर धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही आणि मी कोणत्याच धर्माचा नाही असं म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. हे मागायला गेलेली माणसं येशूवर श्रद्धा ठेवणारीच होती, पण आपण कोणत्याही धर्माचे नाही असं त्यांचं म्हणणं होतं. अठ्ठाविसाव्या कलमाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला मुलाला बसवायचं तर पालकांची संमती लागते. पण धर्माचा रकाना बदलण्याआधी एक विचार नीट करा. अनुसूचित जातीचा लाभ कायद्याने हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. दाखल्यावरची नोंद पुढे जातपडताळणीत पाहिली जाते. आपल्या तत्त्वापायी मुलाच्या हक्काचं काही हुकणार नाही ना, हे जाणकाराला विचारूनच पाऊल उचला.

एवढं करूनही मूल तुमच्यासारखं होईलच असं नाही. धर्मानंद कोसंबींनी गोव्यात 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि 1899 साली ते बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, पाली भाषा, सारं आयुष्य त्यात गेलं. त्यांचा मुलगा दामोदर गणिती झाला, मार्क्सवादी झाला, वडिलांची श्रद्धा त्याने घेतली नाही. पण डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला नोकरीला जाणारा हाच मुलगा मावळातल्या याच डोंगरांत पायी हिंडला, कार्ल्याचे लेख तपासत बसला, पाऊलवाटांवरच्या शेंदूर फासलेल्या देवींची विचारपूस धनगर-कोळ्यांकडे करत राहिला. त्याने बापाची चिकाटी घेतली.

तेव्हा तुमची पंधरा वर्षांची लेक एके दिवशी म्हणाली, की मी आजीबरोबर देहूपासून पुण्यापर्यंत पालखीसोबत चालणार आहे, तर चेहरा पाडू नका. का जावंसं वाटतं ते विचारा आणि ती सांगेल ते ऐका. तिला जाऊ द्या. नव्या चपला घालून पाठवू नका, फोड येतात, सवयीच्या द्या. पाठीवर फार ओझं नको, एक प्लास्टिकचा कागद, पाण्याची बाटली आणि आजीच्या गोळ्या तिच्याकडेच असू द्या.